तुमची लाडकी रोड बाईक कोणती आणि ती का आवडते? (सोलापूर, तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर भाग)

हिप्परग्याची_पहाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आज धागा काढतोच. आपल्याकडं रोड बाईकवाले आता बऱ्यापैकी वाढलेत, पहाटे तुळजापूर नाका ओलांडला की दोन-तीन तरी ड्रॉप हँडल (खाली वळलेलं हँडल) दिसतातच आणि चहाला थांबलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठली आहे, कशी आहे, घेऊ का. नेटवर रिव्ह्यू ढिगानं आहेत पण ते सगळे थंड हवेतले आणि गुळगुळीत डांबरावरचे. मे महिन्यातल्या ४३-४४ डिग्रीत, बाभळीच्या काट्यात, उसाच्या ट्रॉल्यांच्या शेजारून आणि जून-जुलैच्या पश्चिमेच्या वाऱ्यात सायकल कशी वागते हे आपणच सांगू शकतो. त्यामुळं नुसतं मॉडेलचं नाव टाकून जाऊ नका, का आवडते ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. ट्रायबन आरसी ५००. अॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, सोरा (शिमानोचा गिअर सेट) ९ स्पीड, डिस्क ब्रेक. हलकी नाही, उचलली की कळतं. पण हिला टायरसाठी जागा भरपूर आहे, कंपनीचे २८ मिमी रुंदीचे काढून मी ३२ चे टाकले तरी फोर्कमध्ये बोट जाईल एवढं अंतर राहतं, शिवाय मडगार्ड आणि कॅरियर लावायला भोकं आहेत. मला हायवेपेक्षा आतले रस्ते आवडतात. विजापूर रोड सोडून हत्तरसंग कुडलला जायचं, भीमा-सीनेचा संगम बघायचा, देवळातला शके ९४० चा मराठी शिलालेख बघायचा आणि ऊन चढायच्या आत माघारी. त्या वाटेवर कुठं डांबर, कुठं नुसती खडी, कुठं ट्रॅक्टरनं आणून टाकलेली काळी माती. हलक्या रेसिंग सायकलवर मी तिकडं वळलोच नसतो. ही सायकल मला हायवे सोडायचं धाडस देते, म्हणून आवडते.

कॅडप्रेमी_जुळे_सोलापूर

मस्त धागा मालक. माझी कॅननडेल कॅड १२, रिम ब्रेकवाली (ब्रेक चाकाच्या कडेला पकडतो ती). सेकंड हँड घेतलेली आणि आता विकायचा विचारसुद्धा मनात येत नाही.

का आवडते तर ती ताबडतोब ऐकते. तुळजापूरचा घाट तसा छोटाच, सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर आणि तुळजापूर ६५० च्या आसपास, म्हणजे पूर्ण ४५ किमीत मिळून २०० मीटरची चढण, त्यातली बरीचशी शेवटच्या तुकड्यात. त्या शेवटच्या वळणावर उभं राहून पेडल मारलं की बाकीच्या सायकलींवर मला कायम वाटायचं की माझी अर्धी ताकद कुठंतरी वाकण्यातच चाललीय, हिच्यावर पाय खाली गेला की चाक पुढं गेलंच. अॅल्युमिनियम हा धातू स्टीलच्या साधारण एक तृतीयांशच कडक, म्हणून त्याच्या नळ्या जाड करून कडकपणा आणावा लागतो आणि कॅननडेल ते १९८३ पासून करतंय. कॅड म्हणजे त्यांच्याच अॅल्युमिनियम डिझाइनच्या नावाची आद्याक्षरं. माझ्या फ्रेमची खालची नळी बाटलीएवढी जाड दिसते पण एका हातात उचला.

त्रास एकच. नवीन खडीचा सील कोट टाकलेल्या रस्त्यावर तळहाताला मुंग्या येतात. २५ च्या वर टायर ब्रेकमधून जात नाही माझ्यात. पण तेवढं मी सहन करतो, कारण सरळ चांगल्या रस्त्यावर, मागून वारा असताना, मोहोळकडून परत येताना ही सायकल जी पळते ते सुख दुसऱ्या कशात नाही.

शेंगापोळी

कॅडला +१. मित्राची एकदा चालवलीय, उतरावंसं वाटत नव्हतं.

भोंगा

मी वयानं तुमच्यात मोठा असेन. माझी सायकल तुमच्या यादीत बसते का बघा, हीरो हॉक. एकच गिअर, लगवाली (नळ्या सांध्याच्या तुकड्यांत बसवून जोडलेली) स्टीलची फ्रेम, वाकडं हँडल. मुलानं मला गिअरची सायकल घेऊन दिलीय, चांगली आहे, पण लांब जायचं म्हटलं की हात हॉककडंच जातो.

आमच्या वेळी सोलापुरात सायकल म्हणजे मिलची सायकल. भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली, काळ्या, २२ इंची, दांडीच्या ब्रेकच्या, मागं कॅरियरला डबा. त्यात एखादा पोरगा हॉक घेऊन यायचा आणि सगळे वळून बघायचे. विजापूर, बागलकोट भागातली पोरं सायकल शर्यतीत फार तयार, तिथं सरकारी क्रीडा वसतिगृहात सायकलिंगच शिकवतात, आणि तिकडच्या जत्रेतल्या शर्यतींत साध्या देशी सायकलींचा वेगळा गट असायचा. त्यातली पोरं हॉकवर अशी जायची की गिअरवाल्यांनी बघत राहावं.

हिचं सगळं काम मला येतं. कॉटर पिन ठोकायची, चाकाचा आऊट काढायचा, कोन-गोळ्या ग्रीस घालून बसवायच्या, कुठलाही पार्ट गल्लीतल्या दुकानात मिळतो. रस्त्यात काही झालं तर पाना आणि ट्यूबचा तुकडा एवढ्यावर घरी येता येतं. स्टीलचा एक गुण आहे, फ्रेम वाकली तर वाकलेली दिसते आणि बहुतेक वेळा सरळ करता येते, तडा गेला तर वेल्डिंगवाल्याकडं ब्रेझिंग करता येतं. आणि स्टील चालताना हाताला मऊ लागतं, हे ज्यानं चालवलंय त्यालाच कळेल. देवाच्या दयेनं अजून गुडघे शाबूत आहेत.

कॅडप्रेमी_जुळे_सोलापूर

काका, बसते म्हणजे काय, हीच पहिली! फोटो टाका की प्लीज. लगचं काम असलेल्या फ्रेमा आता बघायलासुद्धा मिळत नाहीत.

अक्कलकोट_रोडची_ताई

मी बहुतेक या धाग्यावर पहिलीच बाई आहे, तर उंचीच्या मुद्द्यावर लिहिते, कारण तो कुणीच लिहीत नाही. माझी उंची ५ फूट २ इंच. दुकानात गेलं की एकच उत्तर मिळायचं, मॅडम हीच घ्या, सीट खाली करून देतो. सीट खाली करून सायकल लहान होत नाही हो! सीटपासून हँडल तेवढंच लांब राहतं आणि मग खांदे, मान, कंबर सगळं बोंबलतं, आणि बायकांना वाटतं की रोड बाईक आपल्यासाठी नाहीच.

माझी ट्रेक डोमाने एएल २, ४९ साईज. क्लॅरिस (सोराच्या खालचा गिअर सेट) ८ स्पीड, पुढं ५०-३४ दात्यांच्या चकत्या, ३२ चे टायर. भारी गिअर नाहीत, पण ही माझ्या मापाची आहे, बास. हँडल थोडं उंच आणि जवळ येतं त्यामुळं ड्रॉपमध्ये बसले तरी श्वास कोंडत नाही. लहान फ्रेमला ७०० ची चाकं लावली की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, हा त्रास मी आधीच्या सायकलवर रोज सोसलाय, गर्दीत हळू वळताना जीव घाबरा व्हायचा. या सायकलीत पुढचं चाक जरा पुढं असल्यामुळं ते लागत नाही. ब्रेकच्या लिव्हरलासुद्धा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर हँडलजवळ आणता येते, माझी बोटं लहान आहेत, आधी मला ड्रॉपमधून पूर्ण ब्रेक लागायचाच नाही आणि हे कुणी सांगितलंही नव्हतं. ज्या मुली वाचतायत त्यांनी दुकानदाराला हे करूनच मागा, दोन मिनिटांचं काम आहे.

बाकी आवडण्याचं कारण म्हणाल तर अक्कलकोट. गुरुवारी पहाटे निघायचं, चाळीसेक किलोमीटर, महाराजांचं दर्शन, नाष्टा आणि परत. माझी आई विचारायची एसटीनं जायचं सोडून हे काय, आता ती स्वतःच आदल्या रात्री बाटल्या भरून ठेवते.

शेंगापोळी

ताई एकदम महत्त्वाचं लिहिलंत. माझ्या बायकोला हे दाखवतो.

पीएसआय_सर

टायरचा विषय निघाला म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते आपल्या भागात सायकल आवडायची का नाही हे निम्मं टायर ठरवतं.

माझी जायंट टीसीआर आहे. ही १९९७ मध्ये आली तेव्हा तिनं रोड बाईकचा आकारच बदलला, माईक बरोज नावाच्या इंग्लिश डिझाइनरनं वरची नळी उतरती केली, त्यामुळं फ्रेमचा मागचा त्रिकोण लहान, हलका आणि कडक झाला. आज कुठल्याही दुकानात जा, जवळपास प्रत्येक रोड बाईकची वरची नळी उतरतीच दिसेल. मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळं एका साध्या बदलानं एवढं काही घडतं हे बघून मला फार आनंद होतो.

आता हवा. लोक अजूनही १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात, टायरवर कमाल आकडा छापलाय म्हणून. ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरला ७५ ते ८० पीएसआय पुष्कळ झालं. जास्त कडक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो आणि प्रत्येक उडीत तुमची मेहनत वाया जाते. दुसरं म्हणजे ऊन. पहाटे २५ डिग्रीला ८० भरलं आणि दुपारी सायकल उन्हात उभी करून टायर ५५ पर्यंत तापला तर आतला दाब ९-१० पीएसआयने वाढतो, सरळ गणित आहे. म्हणून उन्हाळ्यात पाच कमीच भरा आणि सायकल सावलीत लावा.

आणि बाभूळ. काटा काढला, ट्यूब बदलली, दोन किलोमीटरवर परत फुस्स, हे प्रत्येकाचं झालंय. कारण काट्याचं टोक मोडून टायरच्या रबरात राहतं, बाहेरून अजिबात दिसत नाही. टायर उलटा करून आतून कापसाचा बोळा किंवा जुना पायमोजा गोल फिरवा, जिथं धागा अडकेल तिथं टोक आहे. मग नेलकटरनं ओढून काढा. बोट फिरवू नका, रक्त येतं. हे केल्याशिवाय नवी ट्यूब घालायचीच नाही. ट्यूबलेसवाल्यांनी लक्षात ठेवा, आपल्या उन्हात सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) फार लवकर वाळतं, दर दोन महिन्यांनी उघडून बघा.

हिप्परग्याची_पहाट

सर, कापसाची युक्ती जबरदस्त. हे वेगळं लिहून वर चिकटवायला पाहिजे.

विजापूरवेस

काय बे सगळे अॅल्युमिनियम-स्टील करालाव, कार्बनवाला कुणीच नाही का सोलापुरात?

रात्रीचा_रायडर

आहे ना. जायंट डेफाय अॅडव्हान्स्ड. मी मुख्यतः बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) करतो त्यामुळं माझी गरज वेगळी आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. एकाच सीझनमध्ये चारही केल्या की सुपर रँडोनर. त्याच्याही पुढं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किमी, ९० तास, दर चार वर्षांनी, मागची २०२३ ला झाली. शर्यत नाही ही, कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही, वेळेत पोचायचं.

आता ४०० ला रात्र सायकलवरच जाते. रात्री दोन वाजता पाय चालत असतात, पण कंबर आणि हात आधी संपतात. डेफायचा सीटचा खांब गोल नाही, डी अक्षरासारखा आहे, मागून सपाट, त्यामुळं तो मागं किंचित लवतो. काँक्रीटच्या हायवेवर जे सांधे असतात, ठक ठक ठक तासन् तास चालू असतं, ते माझ्या पाठीपर्यंत निम्मंच पोचतं. आधीच्या सायकलवर इंदापूर आलं की मी दर पंधरा मिनिटांनी सीटवरून उठायचो. हिच्यावर उजाडेपर्यंत निवांत बसलेलो असतो. मला ती वेगासाठी आवडत नाही. तिच्यावरून उतरल्यावर मी दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो, म्हणून आवडते.

रात्रीचा पुणे रोड ज्यांनी बघितला नाही त्यांना एकच सांगतो, गाळपाच्या हंगामात मागच्या दिव्याशिवाय उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. तुमचा पुढचा दिवा लांबवर पडणारा पाहिजे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट अंगावर पाहिजेच. सायकल कुठलीही असो.

विजापूरवेस

हौ मालक, ट्रॉलीचं खरं. पण कार्बनची भीती वाटते ना. आदळली तर? आणि मी एक सेकंड हँड कार्बन बघितली होती, विकणाऱ्यानं एकदम नवीसारखी आहे म्हणून सांगितलं, घरी आणून हँडल उतरवलं तर फोर्कच्या नळीपाशी चीर. पैसे परत मिळेपर्यंत नाकी नऊ आले.

रात्रीचा_रायडर

भीती बरोबर आहे पण अर्धवट माहितीची आहे. कार्बन दुबळा नाही, फक्त तो वाकून सांगत नाही. सेकंड हँड घेताना सायकल पूर्ण धुवायला लावा, स्वच्छ उजेडात बघा, नाण्यानं नळीवर हलके टकटक करत जा, आवाज एकदम मंद झाला की तिथं शंका घ्या. सीटचा खांब बाहेर काढून बघायचाच. आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना), अंदाजानं आवळलेला सीट क्लँप हा कार्बनचा सगळ्यात मोठा शत्रू. ज्याला हे करायचं नाही त्यानं खुशाल अॅल्युमिनियम घ्यावं, काही कमी नाही त्यात.

पीएसआय_सर

सहमत. एक भर घालतो, वजनावरून फार हुरळून जाऊ नका. व्यावसायिक शर्यतीतसुद्धा ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही, यूसीआयचा (जागतिक सायकलिंग संघटना) नियम आहे, २००० सालापासून. आणि आपल्याकडं चढ कुठं आहेत? आपला खरा घाट म्हणजे वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गात वाढतो. जुलैमध्ये पुणे रोडला पश्चिमेकडं तोंड करून निघालात, तुम्ही २५ नं जाताय आणि समोरून वारा २० चा, तर हवेच्या दृष्टीनं तुम्ही ४५ नं जाताय. दोन किलो वजन कमी करण्यापेक्षा ड्रॉपमध्ये आरामात अर्धा तास बसता येईल अशी सायकल घेणं आपल्याकडं जास्त कामाचं. म्हणून अक्कलकोट रोडच्या ताईंनी मापाचं जे लिहिलंय ते मला या धाग्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

भोंगा

वाऱ्याला आम्ही एकच उपाय करायचो, एकामागं एक लागायचं आणि पाळीपाळीनं पुढं यायचं.

माळढोक_९९

नमस्कार, मी इंजिनीअरिंगला आहे, नवीन आहे इथं. सध्या एमटीबीवर (माउंटन बाईक) बार्शी रोडनं नान्नजपर्यंत जातो, माळरान बघत, काळवीट दिसतात कधी कधी. आता रोड बाईक घ्यायची आहे. उंची ५ फूट ७. बजेट कमी आहे, शिकवणी घेऊन पैसे साठवलेत. नवीन साधी घेऊ का जुनी चांगली? दोन बघून ठेवल्यात, एक नवीन ७ स्पीडची रिम ब्रेकवाली, एक जुनी अॅल्युमिनियम, टियाग्रा (सोराच्या वरचा गिअर सेट) १० स्पीड, २५ चे टायर, ५६ साईज.

अक्कलकोट_रोडची_ताई

५ फूट ७ ला ५६ मोठी होईल रे, ५४ च्या आसपास बघ. प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असतं, म्हणून साईटवर त्या मॉडेलचं स्टॅक (फ्रेमची उंची) आणि रीच (पुढची लांबी) काढ आणि तुला आरामदायक वाटलेल्या सायकलीशी ताडून बघ. स्वस्त मिळतेय म्हणून मोठी फ्रेम घेऊ नकोस, हात जोडून सांगते.

कॅडप्रेमी_जुळे_सोलापूर

टियाग्रा ऐकून मोह होतो, माहितीय मला, पण ताई म्हणतात तेच. शिवाय जुनी घेतलीस तर चेन, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), ब्रेक पॅड, केबल, टायर असं सगळं बदलायचा खर्च आधीच धर. चेन मोजायचं छोटं गेज मिळतं, ०.७५ टक्क्याच्या वर ताणलेली असली तर १० स्पीडला कॅसेटही गेलीच समज.

माळढोक_९९

काल ५६ वर बसून बघितली, हँडलवर पूर्ण ओणवं व्हायला लागतंय, कोपर वाकतच नाही. सोडली ती. आता त्याच माणसाकडं तसलीच दुसरी आहे, ५३ साईज, सोरा ९ स्पीड, रिम ब्रेक, टायर २३ चे. बसल्यावर एकदम बरोबर वाटली. नान्नज रोडला २३ चालतील का?

हिप्परग्याची_पहाट

२३ नको. रविवारी ती सायकल आणि तुझा एमटीबी दोन्ही घेऊन ये हिप्परग्याला, माझ्याकडं जुने २५ आणि २८ दोन्ही टायर पडलेत, घालून बघू. २८ बऱ्याच रिम ब्रेकच्या कॅलिपरला वरून घासतो, नुसतं बसला म्हणून चालत नाही, हवा पूर्ण भरून चाक फिरवून वर किमान ३-४ मिमी जागा राहते का ते बघायचं, नाहीतर खडी अडकली की चाकच जाम. २८ बसला तर उत्तम, नाही बसला तर २५ ला ८० च्या आसपास हवा ठेव, टायरच्या आत लायनर पट्टी टाक आणि खुशाल जा नान्नजला. पैसे मात्र त्याला चेन मोजल्यावरच दे, गेज मी आणतो.